सयाजीराव महाराजांच्या रुपयावरचं कुंकू आणि पैशांवरचा हिरवा चिकटा कसा काढावा?

दांडियाबाजारची सून
नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. सासऱ्यांनी जमवलेली गायकवाडी नाणी आता माझ्या ताब्यात आली आहेत. त्यात महाराजांचा छाप असलेला चांदीचा रुपया आहे, संवत १९५१ चा. बाकी बरेचसे तांब्याचे पैसे, घोड्याचा खूर आणि खाली तलवार असलेले.

रुपया दरवर्षी लक्ष्मीपूजनाला ताम्हनात असायचा. हळदकुंकू आणि तेल मिळून अक्षरांच्या खाचांत काळपट लाल थर बसलाय. ‘श्री सयाजीराव’ मधला ‘श्री’ तर जवळजवळ बुजलाय. मागच्या बाजूला कधीतरी सेलोटेप लावली होती, तिचा पिवळा डिंक तसाच आहे. तांब्याची नाणी प्लॅस्टिकच्या खिशांच्या अल्बममध्ये होती. त्यांच्यावर हिरवा चिकटा आलाय, बोट लावलं की ओढ लागते. गंमत म्हणजे तो खाचांत कमी आणि खुराच्या वर आलेल्या भागावर जास्त आहे.

सोनार म्हणतो, बफ मारून दोन मिनिटांत लखलखीत करून देतो. जाऊबाई म्हणतात, पितांबरी आणि लिंबू. मला दोन्ही पटत नाही. महाराजांच्या पगडीची घडीन्‌घडी अजून दिसते, ती घासली गेली तर परत कोण आणून देणार? नाणी विकायची नाहीत, मुलीला द्यायची आहेत. कुणी नीट सांगेल का?

लॅबवाले काका
ताई, तुम्हाला जे पटलं नाही ते बरोबरच आहे. सोनाराकडे देऊ नका. बफ मळ काढत नाही, मळासकट धातू काढतो. आधी झिजते ती उंच भागावरची बारीक कोरणी, म्हणजे तुमची पगडी. पितांबरी, रांगोळी, टूथपेस्ट या सगळ्यांत घासणारी पूड असते, आणि लिंबू-चिंचेचं आम्ल तांब्याला खातं. मग ते गुलाबी, उघडं तांबं दिसतं ना, ते जाणकाराला हातभर अंतरावरून कळतं.

तुमच्याकडे तीन वेगळे थर आहेत, पण तिन्हींवर पहिला उपाय एकच: शुद्ध एसिटोन. त्यात डिंक, तेल आणि हळदीचा रंग विरघळतो. चांदी-तांब्याला ते धक्का लावत नाही. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. नेलपॉलिश रिमूव्हर आणू नका, त्यात तेल, रंग आणि अत्तर मिसळलेलं असतं.

हिरव्या चिकट्याचं कारण तुमचा अल्बम. ते मऊ खिसे पीव्हीसीचे असणार, उघडल्यावर नव्या रेनकोटसारखा वास येतो का बघा. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून घातलेली तेलकट द्रव्यं कालांतराने बाहेर झिरपतात, शिवाय पीव्हीसीतून थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, आणि दोन्ही मिळून तांब्यावर हिरवी होतात. बडोद्याचा उन्हाळा आणि पाठोपाठ पावसाळा, म्हणजे याला खतपाणीच. खिसा टेकतो तो उंच भागाला, म्हणून खुरावर जास्त. चांदीच्या नाण्यातही तांब्याची भेळ असते, तेव्हा रुपयासुद्धा त्या अल्बममध्ये ठेवायचा नाही.

काचेची झाकणाची वाटी घ्या. प्लॅस्टिकची नको, कित्येक प्लॅस्टिकं एसिटोनमध्ये विरघळतात आणि तोच थर नाण्यावर बसतो. नाणं बुडेल इतकं एसिटोन घाला, झाकण ठेवा. रुपया तासभर राहिला तरी चालेल, तांबं मात्र काही मिनिटंच ठेवा, हवं तर पुन्हा बुडवा. रंग उतरला की एसिटोन बदलायचं, नाहीतर विरघळलेलं सगळं वाळताना परत नाण्यावरच पसरतं. मोठ्यात मोठी चूक इथेच होते. शेवटची बुडी ताज्या एसिटोनची. खाचेतलं मऊ झालेलं कुंकू लाकडी टूथपिकच्या टोकानं नुसतं उचलायचं, खरवडायचं नाही.

मग डिस्टिल्ड वॉटरनं धुवा, बॅटरीत घालायचं मिळतं तेच. फक्त आम्ल नाही ना, हे लेबलावर वाचून घ्या. बोअरचं पाणी नको, क्षारांचे डाग पडतात. मऊ सुती कापडावर ठेवून टिपा. पुसू नका. नाणं कायम कडेनं धरा.

आणि हे काम देवघराजवळ अजिबात करू नका. एसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या निरांजनानंही पेट घेते. गच्चीत किंवा उघड्या खिडकीशी बसा, गॅस बंद.

राजवाड्यामागचा (इंदूर)
काकांनी सगळं सांगितलंच आहे, एक भर घालतो. एसिटोननं सगळाच हिरवा जात नाही. माझ्याकडे होळकरांचे नंदीवाले पाव आणे आहेत, त्यातल्या एकावर फिकट हिरवी भुकटी यायची. चिकट नाही, कोरडी. झटकली की पडायची आणि पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा. तो क्लोराइडचा रोग, ओल मिळाली की तांबं आतून पोखरतो. असं नाणं दिसलं तर लगेच वेगळं काढा, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात कोरडं ठेवा आणि घरी प्रयोग करू नका. तुमच्या गावात तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा म्युझियॉलॉजी विभाग आहे, तिथे जाऊन विचारा.

गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर असेल तर तो मात्र राहू द्या. त्यानंच तांबं जपलंय.

दांडियाबाजारची सून
काका, दादा, मनापासून आभार. ‘श्री’ वर आला! कुंकवानं पहिलं एसिटोन चहाच्या रंगाचं केलं, दुसरं जेमतेम पिवळसर. पैशांवरचा चिकटाही गेला, भुकटीवालं नाणं एकही निघालं नाही.

दोन शंका. टेपचा डिंक निघाला, पण तिथे पट्टीच्या आकाराचा उजळ डाग दिसतो, बाकी रुपया करडा आहे. फॉइल आणि खायच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून सगळा सारखा करू का? आणि सासूबाईंना रुपया यंदाही पूजेत हवाच आहे. त्यांना नाही म्हणणं माझ्याच्यानं होणार नाही.

लॅबवाले काका
वा! डाग हा डाग नाहीच, ताई. हवेतल्या गंधकानं चांदी करडी होते, टेपखाली ती हवा पोचली नाही, एवढंच. सोड्यानं बाकीचा करडेपणाही उतरेल आणि इतक्या वर्षांचा रंग जाऊन रुपया पांढराफटक दिसेल. आहे तसा ठेवा, उजळ पट्टी हळूहळू बाकीच्याला मिळत येईल.

सासूबाईंना नाही म्हणायचं कारणच नाही. नाण्याच्या मापाची अ‍ॅक्रिलिकची गोल कॅप्सूल मिळते. रुपया तिच्यात बंद करून ताम्हनात ठेवा आणि हळदकुंकू कॅप्सूलवर वाहा, महाराज आतून स्पष्ट दिसतात. तांब्याच्या नाण्यांना पॉलिस्टरची पाकिटं घ्या, तो अल्बम आजच घराबाहेर काढा. कॅप्सूल मात्र एसिटोननं पुसू नका, अ‍ॅक्रिलिक त्यात विरघळून पांढुरकं पडतं. ओल्या फडक्यानं कुंकू सहज निघतं.