बँड सोडला म्हणून माझी गाणीही सोडायची का?

मानेवाडा_गिटार
काल इथे एका भावाने लिहिलं: "बँडच्या खांद्यावर बसून नाव कमवायचं आणि मग एकट्याने तीच गाणी म्हणत फिरायचं, ही गद्दारी आहे." नाव घेतलं नाही, पण रोख कोणावर आहे ते सगळ्यांना समजतं. म्हणून सविस्तर लिहून राहिलो.

आमच्या बँडच्या अल्बममधल्या बहुतेक गाण्यांचे शब्द माझे, चाली माझ्या. बँड जमायच्या आधीपासून वहीत होत्या. बाहेर पडताना मी ना ॲम्प मागितला, ना मिक्सर. नावही तुमच्याकडेच राहू दिलं. आता फुटाळ्याकडच्या एका कॅफेत नुसत्या गिटारवर त्यातलं एक गाणं म्हटलं, व्हिडिओ टाकला, तर लगेच कॉपीराइट क्लेम. कुठून? बँडच्या डिस्ट्रिब्युटर खात्यातून, म्हणजे जिथून आमची गाणी ऑनलाइन जातात आणि पैसे येतात, ज्याचा पासवर्ड मी निघालो त्याच आठवड्यात बदलला गेला. शब्द माझे, चाल माझी, आवाज माझा आणि जाहिरातीचे पैसे तिकडे. मग गद्दारी कोणाची?

तर्री_पोहे
ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाही. दादा, तुझ्या वहीत ते गाणं चार मात्रांत सरळसोट चालायचं. सहा मात्रांच्या दादऱ्यात नेलं ड्रमरने. सुरुवातीची बेसची ओळ, जी वाजली की पोट्टे ओरडतात, ती तुझ्या वहीत कुठल्या पानावर आहे? मेच्या उन्हात गच्चीवरच्या खोलीत दाराला गाद्या ठोकून प्रॅक्टिस व्हायची. घरघर माइकमध्ये येते म्हणून कूलरही बंद. खोलीचं भाडं आणि रेकॉर्डिंगचे पैसे चौघांनी भरले. आता पोस्टरवर फोटो एकट्याचा. इंडियन ओशन बँडमधून त्यांचे गिटारवादक सुस्मित सेन 2013 मध्ये बाहेर पडले, बँड आजही वाजवतो. बँड म्हणजे कोण्या एकाची वही नाही.

हायकोर्टवाला
दोघंही घोळ घालून राहिले. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत. शब्द लिहिणाऱ्याचे. चाल बांधणाऱ्याची, त्याने नोटेशन कागदावर उतरवलं नसलं तरी संगीतकार तोच. ध्वनिमुद्रण ज्यांनी पुढाकार घेऊन करवून घेतलं त्यांचं, 60 वर्षं. आपले हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कलम 19 प्रमाणे लेखी हवं, सही हवी, आणि मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात. टपरीवर चहा पिता पिता "गाणी बँडची" असं ठरलं असेल तर ते टिकत नाही. म्हणजे जुना ट्रॅक चौघांचा, पण कॅफेतल्या गाण्यावर क्लेम चुकीचा. एकच मेख आहे: चाल मिळून बांधली असेल तर ती संयुक्त कृती ठरते, आणि मग दादाला "सगळं माझं" म्हणता येणार नाही.

मानेवाडा_गिटार
ठेका बदलला म्हणजे चाल बांधली का? सूर तेच आहेत, अंतरा तोच आहे.

सीताबर्डीकर
अरे पण भांडता कशासाठी? पैसा आहे कुठे यात? खरं दुखणं वेगळंच आहे. नागपूरचा माणूस गाण्याला तिकीट काढत नाही. सावजीत मटणावर हजार रुपये सहज जातात, पण कार्यक्रमाचं तिकीट 200 म्हटलं की लगेच फोन, "दोन पास ठेव ना बे." तो पासवाला मध्यंतराला उगवतो आणि पहिल्या रांगेत बसून मोबाइल पाहतो. चौघांचा बँड उभा करायचा तर साउंडवाला, ड्रम किटचं भाडं, सामान न्यायला गाडी. एकटा माणूस गिटार पाठीला लावून ॲक्टिव्हावर निघतो. बँड त्या हिशेबापायी तुटतात.

धरमपेठी
साफ चूक. उठसूट नागपूरकरांना नावं ठेवू नका. वसंतराव देशपांडे लहानपणी इथेच शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकले. या गावाला कान आहे. शास्त्रीय मैफलींना आम्ही घरचे सगळे तिकीट काढून जातो. सवय बिघडवली फुकटच्या महोत्सवांनी. मुंबईचा मोठा गायक मैदानात फुकट ऐकायला मिळतो, मग गावातल्या पोराच्या 200 रुपयांना कोण विचारेल?

सीताबर्डीकर
म्हणजे तिकीट काढत नाहीत हे मान्यच केलं तुम्ही. वर दहा वाजताचा नियम. उन्हाळ्यात आठच्या आधी माणूस घराबाहेर निघत नाही, आणि दहाला स्पीकर बंद. बारापर्यंतची सूट वर्षातून फार तर 15 दिवस, ती सणासुदीतच संपते.

धरमपेठी
तो नियम खुल्या जागेचा आहे. बंद सभागृहाला लागू नाही. माहिती नसेल तर ठोकून देऊ नका.

सीताबर्डीकर
बंद सभागृहाचं भाडं तुम्ही भरता का? माझ्या पुतण्याच्या कार्यक्रमाला निम्मं सभागृह पासवाल्यांनी भरलं होतं, भाडं त्याच्या आईच्या भिशीतून गेलं. मला नियम शिकवू नका.

जुना_ऑर्गनवाला
आवाज खाली करा दोघंही. मी गणपती-शारदोत्सवाच्या ऑर्केस्ट्रात आयुष्य काढलं. गायक फुटायचा, स्वतःची पार्टी काढायचा, वर्षभर अबोला, मग एकाच लग्नात एकत्र वाजवायचे. पण कवीचं नाव कोणी खाल्लं नाही. वामनदादा कर्डकांची गाणी गावोगावच्या भीमगीतांच्या पार्ट्यांनी गायली. शेवटच्या कडव्यात "वामन" आला की गाणं कोणाचं ते ऐकणाऱ्याला समजायचं. म्हणून शब्दांच्या बाबतीत मी दादाच्या बाजूने आहे. पण वादकाचं नाव आमच्या काळात कोणीच घेतलं नाही. स्टेजवर गायकाला हार, आम्हाला जेवणाचं कूपन. ते मला अजून लागतं. ठेक्याला नाव द्या रे बापा.

मानेवाडा_गिटार
काका, तुम्ही म्हणता म्हणून यापुढे व्हिडिओखाली "ठेका आणि बांधणीत बँडचा सहभाग" असं लिहीन. तर्री_पोहेच्या पोस्टमुळे नाही.

दादरा_ड्रम्स
इतके दिवस गप्प होतो. तो दादरा माझा आहे. "बँडचा सहभाग" नको, माझं नाव लिही. आणि पासवर्ड मी बदलला, कारण तू सांगून गेला नाहीस, ग्रुप सोडून गेलास. रात्री अकराला मेसेज: "मी बँड सोडतो." दुसऱ्या दिवशी अमरावतीचा कार्यक्रम होता, आगाऊ रक्कम आम्ही परत केली. त्याबद्दल इथे अवाक्षर नाही.

मानेवाडा_गिटार
अमरावतीला गेलो असतो तर पुन्हा तेच झालं असतं. माझी नवी गाणी यादीत शेवटी, वेळ उरला तर. किती वेळा बोललो होतो? नाव लिहितो तुझं. आधी क्लेम काढ.

दादरा_ड्रम्स
क्लेम आज काढतो. जुन्या ट्रॅकचे पैसे मात्र चार वाटेच राहतील. आणि पोस्टरवर कुठे "माजी अमुक बँड" असं छापायचं असेल, तर ते मला आधी विचारून.

हायकोर्टवाला
हे सगळं दोघं एका कागदावर लिहा आणि चौघांच्या सह्या घ्या. इथे लिहून उपयोग नाही.

सीताबर्डीकर
आणि पहिल्या कार्यक्रमाला पास वाटू नका!