मदत हवी आहे: टीव्हीसाठी केलेली मालिका ऑनलाइन आणताना ब्रेकच्या जागांचं काय करावं?

नमस्कार. मी बरीच वर्षं टीव्हीसाठी लिहिते, संकलनालाही बसते. आमच्या टीमच्या एका जुन्या कौटुंबिक मालिकेचे हक्क निर्मात्याकडे परत आलेत आणि ती यूट्यूबवर टाकायचं ठरतंय. त्यानंतर त्याच पात्रांना घेऊन थेट ऑनलाइनसाठी नवा सीझन लिहायचा आहे. ज्यांनी हे काम केलंय त्यांचा सल्ला हवाय.

मुख्य अडचण ब्रेकची आहे. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता साधारण 22 मिनिटं हाती लागतात आणि लिहितानाच ब्रेकच्या जागा धरून चालावं लागतं. आई पत्र फोडते, क्लोजअप, संगीत चढतं, ब्रेक. परत आल्यावर तोच प्रसंग जरा मागून सुरू. टीव्हीवर हे खपतं, कारण प्रेक्षक मधे उठून आलेला असतो. सलग बघताना मात्र आई एकच पत्र दोनदा फोडते. त्यात पहिल्या भागाच्या शेवटी प्रीकॅप (पुढच्या भागाची झलक), दुसऱ्यात मूळ प्रसंग, तिसऱ्याच्या सुरुवातीला रिकॅप (मागच्या भागाची उजळणी). ओळीने भाग बघणाऱ्याला एकच संवाद तीनदा ऐकावा लागतो.

एका भागातली ही पुनरावृत्ती कापून पाहिली. चित्र जुळलं, संगीत तुटलं. मास्टरमध्ये, म्हणजे मालिकेच्या अंतिम मूळ प्रतीत, संवाद, संगीत, इफेक्ट सगळं एकाच मिक्समध्ये आहे, सुटे ट्रॅक कुणाकडेच नाहीत. आवाज वेगळे करणारी एआय साधनंही वापरली. साध्या बोलण्यात ती बरी चालतात, पण रडण्याच्या प्रसंगात संगीताबरोबर हुंदकेही पुसट होतात. अभिनेत्रीचं सगळं काम त्या हुंदक्यांत आहे, ते घालवायला मी तयार नाही. यावर कुणाला तोडगा सापडलाय का?

एका सहकाऱ्याचं म्हणणं, काहीच कापू नका. 8 मिनिटांपेक्षा मोठ्या व्हिडिओत यूट्यूबवर मधे जाहिरात घालता येते आणि आपल्या ब्रेकच्या जागा तर तयारच आहेत. यात तथ्य आहे, पण पैसे भरून यूट्यूब प्रीमियम घेतलेल्यांना जाहिरात दिसत नाही. त्यांच्यासाठी पत्र दोनदाच फुटणार.

तांत्रिक बाजूचं थोडं कळलंय: इंटरलेस्ड मास्टर (ज्यात प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत असतं) डीइंटरलेस करून, म्हणजे त्याची पूर्ण चित्रं बनवून घ्यायचा, नाहीतर हालचालीत आडव्या रेघा दिसतात. प्रक्षेपणासाठी -23 एलयूएफएसला (हे आवाजाच्या पातळीचं माप) बसवलेला आवाज यूट्यूबवर हळू वाटतो, कारण ते मोठा आवाज खाली आणतात, लहान वाढवत नाहीत. तो आपणच वाढवायचा.

नव्या सीझनचे भाग एकदम द्यावेत की आठवड्याला एक? नेटफ्लिक्सने 2013 मध्ये 'हाऊस ऑफ कार्ड्स'चे 13 भाग एकाच दिवशी दिले, डिस्ने प्लसने 2019 मध्ये 'द मँडलोरियन' बहुतांशी दर आठवड्याला दिली. माझा कल आठवड्याकडे आहे. मधल्या दिवसांत लोक पात्रांबद्दल बोलतात, आणि लेखकाला त्याहून मोठं बळ नाही. पण मग भागाच्या शेवटचा हुक (उत्सुकता ताणणारा क्षण) ठेवायचा, रिकॅप नाही, असं चालेल का? की आठवडाभराने आलेला प्रेक्षक गोंधळेल?

शेवटचं, करारातलं. अमेरिकेतल्या लेखकांनी 2023 मध्ये 148 दिवस संप केला, तेव्हा कुठे जास्त पाहिल्या जाणाऱ्या स्ट्रीमिंग मालिकांसाठी बोनस पदरात पडला. आमच्या जुन्या करारांत ऑनलाइनचा उल्लेखच नाही. या वेळी मला व्ह्यूजशी जोडलेला मोबदला मागायचा आहे आणि आकडे स्वतः बघता यावेत म्हणून चॅनेलवर फक्त पाहण्यापुरता अ‍ॅक्सेसही. अशी अट कुणी करारात घातली असेल तर तिची शब्दरचना कशी होती, आणि निर्मात्याने कशाला आक्षेप घेतला, हे कृपया सांगा. पुढच्या बैठकीआधी मसुदा द्यायचा आहे.