मदत हवी आहे: जुन्या नोंदींवरून नदीची नैसर्गिक स्थिती ठरवताना कोणता काळ प्रमाण धरावा?

नमस्कार. एका नदीच्या पुनरुज्जीवनाच्या आराखड्यासाठी, माणसाचा मोठा हस्तक्षेप होण्यापूर्वी ती कशी होती, हे जुने मोजणी-नकाशे, प्रवासवर्णने आणि पाणीपातळीच्या नोंदवह्या यांवरून ठरवायचे आहे. साधने हाताशी आहेत. त्यांतील कोणते कशासाठी ग्राह्य धरावे, हे मात्र ठरत नाही.

मुख्य अडचण काळाची आहे. उपलब्ध असलेला सर्वांत जुना नकाशा म्हणजेच नैसर्गिक स्थिती, असे सोयीसाठी धरले जाते. अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातील ओढ्यांचे उंच काठ आणि वळणे घेत जाणारे एकच पात्र हेही असेच दीर्घकाळ नैसर्गिक मानले गेले. परंतु ते काठ बहुतांशी पाणगिरण्यांच्या बंधाऱ्यांमागे साचलेल्या गाळाचे असून त्याखाली जुन्या पाणथळीची काळी माती सापडते, असे वॉल्टर आणि मेरिट्स या भूशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये दाखवून दिले. अमेरिकेच्या पूर्व भागात १८४०च्या गणनेतच ६५,००० हून अधिक पाणगिरण्या नोंदलेल्या होत्या. अशा ठिकाणी एकोणिसाव्या शतकातला कितीही काटेकोर नकाशा घेतला, तरी तो बदललेल्या नदीचाच असणार.

दुसरी शंका नोंद करणाऱ्याच्या हेतूविषयी आहे. अमेरिकेच्याच ओरेगन राज्यातील विलामेट नदीतून बोटींना अडथळा होतो म्हणून लष्करी अभियंत्यांनी ओंडके काढले. त्या कामाच्या नोंदींमुळेच पात्रात पूर्वी किती लाकूड होते, हे आज कळते. पण जिथे नौकानयन नव्हते तिथे ओंडक्यांचा उल्लेख नाही, यावरून ते नव्हतेच असा निष्कर्ष काढता येईल का? माझ्या मते नाही. मात्र तांत्रिक अहवालात हे मौन कसे मांडावे, ते सुचत नाही.

ऋतूचाही प्रश्न आहेच. मोजणी बहुधा पाणी कमी असताना होते, त्यामुळे नकाशातील रुंदी पाण्याच्या कडेपासूनची आहे की काठापासूनची, यावर सगळा हिशेब फिरतो. नकाशाच्या चिन्हसूचीत खुलासा नसल्यास, आणि जुना नकाशा आजच्या अक्षांश-रेखांशांवर बसवताना येणारी चूकच पात्राच्या सरकण्याइतकी असल्यास, ती तुलना सोडून द्यावी का?

एका वर्षाऐवजी काही शतकांतील बदलांचा पल्ला संदर्भ म्हणून धरावा, असा माझा कल आहे. तसे प्रत्यक्ष केलेल्यांनी, गाळातील परागकण (ज्यांवरून पूर्वीच्या वनस्पती कळतात) आणि कागदावरील नोंद यांत विसंगती आली तेव्हा कशाला अधिक वजन दिले आणि का, हे कृपया सविस्तर सांगावे.