युनिव्हर्सिटीत 'स्कूल ऑफ एज्युकेशन' वेगळं कशाला? आणि एवढ्या डिग्र्या?

गणितवाली: माझं गणितात एमएस्सी झालंय आणि शाळेत शिकवायची मनापासून इच्छा आहे. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्यांच्या साइट बघतेय तर स्कूल ऑफ एज्युकेशन हा वेगळाच विभाग, त्यात एमएटी (मास्टर ऑफ आर्ट्स इन टीचिंग), एमएड (मास्टर ऑफ एज्युकेशन), एडडी (डॉक्टर ऑफ एज्युकेशन), पीएचडी अशी रांगच लागलीय. हे आलं कुठून? मॅथ्स डिपार्टमेंटच शिक्षक का तयार करत नाही? आणि मी नक्की काय घ्यावं?

खडूफळा: सुरुवात नॉर्मल स्कूलपासून झाली, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळांपासून. अमेरिकेतलं पहिलं सरकारी नॉर्मल स्कूल १८३९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्झिंग्टनला निघालं, शिक्षणसुधारक होरेस मान यांच्या खटपटीने, आणि पहिल्या दिवशी तिथे तीनच मुली आल्या होत्या. प्राथमिकचे शिक्षक अशा ठिकाणी घडायचे, युनिव्हर्सिट्या त्यात फारशा पडत नव्हत्या. पुढे हायस्कुलं भराभर वाढली, मग तिथले शिक्षक, हेडमास्तर, अधिकारी तयार करायचे कोणी, म्हणून युनिव्हर्सिट्या यात उतरल्या. न्यूयॉर्कचं टीचर्स कॉलेज १८८७ मध्ये सुरू झालं आणि १८९८ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीशी जोडलं गेलं. बऱ्याच नॉर्मल स्कुलांची तर आधी टीचर्स कॉलेजं आणि नंतर चक्क स्टेट युनिव्हर्सिट्या झाल्या.

शोधयात्री: यात शिकागो युनिव्हर्सिटीचा किस्सा मला फार महत्त्वाचा वाटतो. तत्त्वज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूईंनी १८९६ मध्ये युनिव्हर्सिटीचीच शाळा काढली, म्हणजे शिक्षणाचे विचार खऱ्या मुलांसोबत तपासायची जागा. तिथे मुलांना बोंडातला कापूस हाताने सोडवायला दिला तर अर्ध्या तासात एक औंससुद्धा निघाला नाही, मग लोकरीचे कपडे आधी का आले आणि सरकी काढायच्या यंत्राने एवढा फरक का पडला हे त्यांना हातानेच कळलं, त्यावर लेक्चर द्यायची गरजच उरली नाही! ड्यूई १९०४ मध्ये कोलंबियाला गेले. ती शाळा आजही चालू आहे, पण शिकागोचा एज्युकेशन विभाग मात्र १९९० च्या दशकाच्या शेवटी बंद करायचं ठरलं. रिसर्च की वर्ग ही ओढाताण या विभागांच्या पाचवीलाच पुजलेली.

खडूफळा: मॅथ्स डिपार्टमेंटचं राहिलंच की. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये हेच मांडलं, विषय येणं वेगळं आणि तो शिकवण्यासाठी लागणारं त्या विषयाचं ज्ञान वेगळं. मूल १/२ + १/३ = २/५ लिहितं तेव्हा चूक तुम्हाला लगेच दिसेल, पण ते असं का करतंय आणि आता त्याच्यासमोर कोणतं चित्र, कोणतं उदाहरण ठेवायचं हे एमएस्सीत कोणी शिकवत नाही.

वर्गशिक्षिका: आता डिग्र्या. साधारण असं धरा, विषय झालाय आणि लायसन्स (शिकवायचा सरकारी परवाना) घेऊन शाळेत उभं राहायचंय तर एमएटी. एमएड बहुतेक आधीपासून शिकवणाऱ्यांसाठी, पण काही ठिकाणी त्यातही लायसन्स मिळतं त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका. एडडी हे प्रिन्सिपल वगैरे होणाऱ्यांचं, पीएचडी संशोधनाची. तरी सगळीकडे सारखं नसतं, हार्वर्डने एडडी बंद करून पीएचडी आणि एडएलडी (शैक्षणिक नेतृत्वाची डॉक्टरेट) आणली.

गणितवाली: म्हणजे मला एमएटी. पण दहा ठिकाणची एमएटी सारखीच दिसतेय, निवडू कशी?

वर्गशिक्षिका: रँकिंग बाजूला ठेवा आणि सरळ ईमेल करून विचारा, स्टुडंट टीचिंग (खऱ्या शाळेत शिकवायचा सराव) किती आठवडे, वर्ग पूर्ण तुमच्या हातात कधी येतो, मेंटर टीचर, म्हणजे तिथे तुम्हाला मार्गदर्शन करणारे शिक्षक, कोण निवडतं, तुमचा तास बघायला फॅकल्टी स्वतः येतात का. आणि लायसन्स प्रत्येक राज्याचं वेगळं असतं, तेव्हा जिथे नोकरी करायचीय तिथे ते चालेल का हे अ‍ॅडमिशनच्या आधीच लेखी घ्या.