चाकण ते न्हावाशेवा: बॅटरीचा ट्रेलर घ्यावा का?

निगडीचा ट्रेलरवाला:
माझे दोन ट्रेलर चाकणहून न्हावाशेवा बंदरात कंटेनर ओढतात. त्यातला जुना मोडीत काढून इलेक्ट्रिक घ्यावा म्हणतोय. पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या योजनेत इलेक्ट्रिक ट्रकवर सूट म्हणून वजनाच्या गटाप्रमाणे जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार मिळतात, पण जुनी गाडी भंगारात दिल्याचा दाखला लागतो. माझं म्हणणं, हा प्रकार कुठे चालेल तर याच रूटवर, आणि तोही खंडाळ्याच्या घाटामुळेच. पटत नसेल त्यांनी खोडून काढावं.

हप्तेबाज:
घ्या, खोडलं. गाडी डिझेलच्या दुपटीहून महाग. सूट वजा करून हप्ता काढा, मग बोलू. जुन्या डिझेल ट्रेलरला निगडीतच गिऱ्हाईक मिळतं. वापरलेली बॅटरी कोण घेणार, काय भावाने? फायनान्सवालाही पहिलं हेच विचारतो. टोलमाफीच्या भरवशावरही राहू नका. राज्याच्या २०२५ च्या धोरणात एक्स्प्रेसवेवर माफी आहे ती कार आणि बसला, मालवाहू गाडीला नाही.

युनिटमास्तर:
टोलचं बरोबर. पण घाटाचा हिशेब करा की राव. लोणावळा साधारण ६२० मीटर उंचीवर, बंदर समुद्रालाच. ४० टनांची गाडी ६०० मीटर खाली आली की ६५ युनिटांची ऊर्जा सुटते. डिझेलवाला ती ब्रेकचे लायनर तापवण्यात घालवतो, खोपोलीला उतरेपर्यंत जळका वास नाकात. इथे मोटरच जनित्र होते. पैकी निम्मी जरी बॅटरीत परत आली तरी ३० युनिटं झाली. फक्त वरून निघताना बॅटरी काठोकाठ नको. भरल्या हंड्यात पाणी कुठे ओतणार? चाकणहून लोणावळ्यापर्यंत ती उतरलेलीच असते म्हणा.

हप्तेबाज:
आणि येताना? आयातीचा भरलेला कंटेनर तेच ६०० मीटर वर चढवायचा ना?

युनिटमास्तर:
चढायचाच. डिझेल काय चढताना फुकट जळतं?

स्टेअरिंगवर:
मी ड्रायव्हर. मालकांचा हिशेब मालकांना लखलाभ, माझी अडचण वेगळी आहे. चार्जर बांधलेत कारच्या मापाने. मागे एकदा सवारी म्हणून मित्राच्या इलेक्ट्रिक कारमधून गेलो होतो. चार्जिंगला थांबलो तिथे चाळीस फुटी कंटेनर लावला असता तर शेपूट रस्त्यावरच राहिली असती. म्हणजे ट्रेलर सोडा, घोडा, म्हणजे ओढणारा पुढचा भाग, एकटा आत न्या, परत येऊन जोडा. हे रात्री दोन वाजता कोण करणार?

निगडीचा ट्रेलरवाला:
दादा, हे पटलं. पुण्यात पीएमपीएमएलच्या ई-बस २०१९ पासून चालतात, कारण संध्याकाळी गाडी आपल्याच डेपोत येते. आपल्याला चाकणला पार्किंगमध्येच चार्जर लागेल. दोन गाड्यांसाठी तो परवडत नाही, पाच-सहा जणांनी मिळून जागा घेतली तर बघता येईल.

हप्तेबाज:
पाच ट्रान्सपोर्टवाले एका जागेवर एकमताने? तुमचा ट्रेलर त्याआधी मंगळावर पोचेल.

स्टेअरिंगवर:
एक विचारायचं राहिलं. बंदराच्या रांगेत आठ-आठ तास उभं राहावं लागतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केलाय. डिझेल गाडीत इंजिन चालू ठेवून एसी लावला की मालक डिझेलवरून बोलतो. इलेक्ट्रिक गाडीत रात्रभर एसी लावून झोपलो तर सकाळी घाट चढण्याइतकी बॅटरी उरेल का?