मदत हवी आहे: ओडिसियस आणि पालामेडीस

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात ग्रीक पुराणकथांतल्या ओडिसियस या चतुर राजावर बोलायचं आहे. लाकडी घोडा, मेंढ्याच्या पोटाखाली लटकून राक्षसाच्या गुहेतून केलेली सुटका, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी अडलेय ते पालामेडीस या त्याच्याच बाजूच्या ग्रीक वीरापाशी.

ट्रॉयच्या युद्धाला जायचं टाळण्यासाठी ओडिसियसने वेडाचं सोंग घेतलं. बैल आणि घोडा एकाच नांगराला जुंपले नि शेतात मीठ पेरायला लागला. पालामेडीसने त्याच्या तान्ह्या मुलाला, टेलेमाखसला, उचलून नांगरापुढे ठेवलं. बापाने नांगर वळवला आणि सोंग उघडं पडलं. पुढे ओडिसियसने सूड घेतला: शत्रूच्या राजाचं खोटं पत्र, तंबूत पुरलेलं सोनं, आणि निरपराध पालामेडीसला फितूर ठरवून दगडांनी ठेचून मारलं. मला हे फार क्रूर वाटतं.

होमरच्या दोन्ही महाकाव्यांत पालामेडीसचं नावसुद्धा नाही. ‘ओडिसी’च्या 24व्या सर्गात ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगामेम्नॉनचा आत्मा एवढंच सांगतो की ओडिसियसचं मन मोठ्या मुश्किलीने वळवलं. होमरने ही गोष्ट मुद्दाम गाळली, की ती नंतर रुजली? अभ्यासकांचं यावर काय म्हणणं आहे, कुणी सांगेल का?

ग्रीक नाटककार युरिपिडीसचं ‘पालामेडीस’ (इ.स.पू. 415) हे नाटक हरवलंय. त्याचे उरलेले तुकडे चांगल्या टिपांसह कुठे वाचायला मिळतील? ग्रीक वक्ता गॉर्जियासने पालामेडीसच्या तोंडी घातलेलं बचावाचं भाषण मात्र शाबूत आहे. ते मराठीत कुणी आणलंय का? नसेल तर सोपं इंग्रजी भाषांतरही चालेल.