मारवाडी, काठेवाडी की थरोब्रेड? एकच घोडा सगळ्या स्पर्धांना चालंल का?

रायबागचा_सवार
राम राम मंडळी. आमचं गाव रायबाग तालुक्यात, चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत घोडी बघून बघून धाकटा भाऊ आता घोडा पाहिजेच म्हणून बसलाय. बाबांचं एकच, नुसता दारात बांधून पोसायचा नाही, कुठंतरी स्पर्धेत उतरला पाहिजे. एक दलाल मारवाडी घ्या म्हणतोय, दुसरा काठेवाडी, आणि एकजण रेसमधनं रिटायर झालेला थरोब्रेड स्वस्तात देतो म्हणतोय. गाडीची शर्यत, सारंगखेड्याचं प्रदर्शन आणि लांब पल्ल्याची एन्ड्युरन्स, तिन्हीला एकच घोडा चालंल का ओ? वर देवमण आहे, पंचकल्याणी (चारी पाय नि तोंडावर पांढरं) आहे म्हणून मारवाडीची किंमत चढवून ठेवलीय ते वेगळंच.

निपाणीकर_काका
नाही चालणार. आधी स्पर्धा ठरवा मग घोडा बघा, आपल्याकडं सगळे उलटं करतात. थरोब्रेड हा थोड्या अंतरात सुसाट पळायला तयार केलेला, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची इंडियन डर्बी २४०० मीटरची, अडीच मिनिटांच्या आसपास खेळ खल्लास. त्याचं अंग नाजूक, खुराक भारी, आणि रिटायर का झाला ते विकणारा कधी सांगत नाही. बघायला गेलात की पुढच्या पायाच्या नळीमागच्या शिरेवरनं वरनं खाली हात फिरवा, एका पायाची शीर दुसऱ्यापेक्षा गरम नाहीतर फुगीर लागली तर चहा पिऊन परत या.
मारवाडी नि काठेवाडी दोघांचे कान आत वळलेले म्हणून लोक गोंधळतात. काठेवाडी अंगानं जरा लहान आणि तोंड मधे दबलेलं. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत भाव उंचीचा नि रंगाचा, तिथं ६४ इंची मारवाडीपुढं बाकीच्यांना कोण विचारतंय. रेवाल चाल (स्वाराला धक्का न देणारी भरभर चाल) चांगली असंल तर अजून भाव. देवमण म्हणजे मानेवरचा केसांचा भोवरा, भोवऱ्यानं घोडा पळत नाही.

खानापूर_रानवाट
एन्ड्युरन्सला माझं मत मारवाडी किंवा काठेवाडीच, नाहीतर अरबी रक्ताचा. ४० किलोमीटरपासनं पुढं ८०, १६० पर्यंत जातं आणि पहिला आला म्हणून जिंकला असं नसतं ओ. प्रत्येक टप्प्याला डॉक्टर थांबलेला, ठरलेल्या वेळेत नाडी मिनिटाला ६४ च्या खाली आली नाही तर घोडा बाद. मग मानेची कातडी चिमटीत धरून सोडतात, सावकाश बसली तर पाणी कमी झालंय, हिरडी दाबून रंग किती लवकर परत येतोय तेही बघतात, आणि शेवटी दुडकी पळवून लंगडतोय का बघतात. आपल्याकडची पोरं शर्यत संपेस्तोवर दामटत राहतात आणि हितंच बाद होतात. शेवटचा किलोमीटर उतरून चालत आणायचा.

सीमाभागी
गाडीच्या शर्यतीचं आधी नीट विचारून घ्या. आपल्या भागात घोडा-बैल एका गाडीला जुंपायची हौस आहे, पण २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं जे कायदे मान्य केले ते जल्लीकट्टू, कंबळ (रेड्यांची शर्यत), बैलगाडी ह्यांचे, घोड्याचं नाव त्यात नाही. आणि डांबरी रोडवर पळवून खूर नि सांधे जातात, तो घोडा पुढं कशालाच राहत नाही.

रायबागचा_सवार
गाडीचा विषय मग बंदच. भावाला एन्ड्युरन्स पटतंय. भीमथडी कशी?

निपाणीकर_काका
भीमथडी काटक, कमी खाण्यावर राहणारं, दख्खनच्या माळावर मेंढपाळांचं ओझं वाहणारं. जनावरांच्या जाती नोंदवणाऱ्या कर्नालच्या सरकारी ब्युरोनं आता स्वतंत्र जात म्हणून नोंद पण केलीय. उंचीला कमी, प्रदर्शनात कोण बघणार नाही, पण पोरगं नवशिकं असंल तर मी हेच घेईन. कुठलंही घ्या, पैसे द्यायच्या आधी ग्लँडर्स रोगाची रक्ततपासणी करा. ती लागण माणसालाही होते, आणि पॉझिटिव्ह निघालेला घोडा मारावाच लागतो. वय दातावरनं बघा, पाच वर्षाला तोंड भरतं म्हणजे सगळे पक्के दात येतात, त्याच्या आत लांब पल्ल्याला घालू नका.

खानापूर_रानवाट
तपासणीचा खर्च विकणाऱ्यावर घाला, घोडा चांगला असंल तर तो तयार होतोय.